हवेची दांडी

१

शेगडी भरणं म्हणजे पेटीत लाकडं कोंबणं नव्हे, हे काकूंना या थंडीत कळलं. लग्न झाल्यापासून त्यांनी त्या शेगडीला हात लावला नव्हता. लावू दिला गेला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं. काका जन्मभर सूतगिरणीच्या बॉयलरवर कोळसा टाकत आलेले. गल्लीतली पोरं त्यांना बॉयलरकाका म्हणायची आणि ते त्या नावावर खूश असायचे. घरी आल्यावरसुद्धा त्यांना समोर आग असल्याशिवाय चैन पडत नसे. काकूंनी लोकांचे कपडे शिवायचे आणि काकांनी घरातला जाळ सांभाळायचा, अशी संसाराची वाटणी होती आणि ती दोघांनाही मानवली होती.

आता काका आतल्या खोलीत खाटेला खिळले होते. छाती कामातून गेली होती. पण हुकूम सोडायला छाती लागते असं थोडंच आहे.

"निखारे पुढे ओढलेस?"

"ओढले."

"मोठं लाकूड मागे. साल खाली. आणि दोन लाकडांच्या मधे फट ठेव. लाकडांनाही जरा अंतर लागतं, नवरा-बायकोसारखं."

"गप्प पडा. बोललं की खोकला येतो."

शेगडी बाहेरच्या खोलीत भिंतीशी होती. कमरेएवढी लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, वरून छतातून बाहेर गेलेली धुराड्याची नळी. दाराखाली पितळी मुठीची एक दांडी. दांडी बाहेर ओढली की आत हवा जाते आणि जाळ भडकतो. आत सारली की हवा तुटते आणि लाकूड सुस्तावून कितीतरी वेळ नुसतं धुमसत राहतं. सगळी विद्या त्या दांडीत आहे, असं काका म्हणत. पेटवता कुणालाही येतं, पुरवून जाळता आलं पाहिजे.

शेगडीसमोर लाकडी जमिनीतली एक फळी पाय पडला की करकरायची. काकांनी ती कधीच ठोकून घेतली नाही. आपल्या आगीशी कोण खेळतंय ते खाटेवरून कळायला नको का, हे त्यांचं म्हणणं. घरात त्यांचा आणखी एक नियम होता. बाहेरून येईल त्याने आधी शेगडीत एक लाकूड टाकायचं, हवा मोकळी करायची, मग जोडे काढायचे. काकू सोडल्या तर पाहुण्यांनासुद्धा यातून सुटका नव्हती.

त्या सकाळी काका खोकत होते. नेहमीचाच, लांबलचक, ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात असा खोकला. लाकडांनी पेट घेतलाय असं काकूंनी पाहिलं आणि दांडी आत सारली.

खोकला थांबला. ओसरला नाही. शिवताना दोरा तुटावा तसा मधेच तुटला.

काकू आत धावल्या. काका डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. छाती हलतेय की नाही ते कळायला पांघरुणावर हात ठेवावा लागला. हलत होती, अगदी मंद.

"काय झालं हो?"

ते पुटपुटले, "काही नाही. सुस्ती आली."

२

असे योगायोग रोज होतात. आपण दिवा लावतो आणि त्याच क्षणी शेजारी कुणी शिंकतं, म्हणून दिव्याने शिंक आली असं शहाणा माणूस म्हणत नाही. काकूंनी स्वतःला असं बजावलं आणि दिवसभर मशीनवर बसून कुणाचा तरी कोट उसवला. पण कान आतल्या खोलीकडे होते. धुराड्याच्या नळीत वारा ओढला जाण्याचा एक बारीक आवाज असतो. जन्मभर तो कानावर पडत होता, पण ऐकला कधीच नव्हता. आता ऐकला. नळीत हवा चढायची तेव्हा आत काकांचा श्वास चढायचा. नळी जरा थांबायची तेव्हा तोही थांबायचा.

बंद घरात धूर कोंडला की माणसाला भलतंसलतं दिसायला लागतं, हे काकांनीच कितीदा सांगितलेलं. काकूंनी खिडकी उघडली. गार वारा तोंडावर घेत त्या उभ्या राहिल्या. डोकं लख्ख होतं. आवाज तसेच राहिले, एकाला एक जुळलेले.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या डॉक्टरीणबाई बर्फ तुडवत वर आल्या. बिचाऱ्यांनी दारातच एक लाकूड उचलून शेगडीत टाकलं, हवा मोकळी केली, मग बूट काढले. काकूंनी त्यांना काकांचा रुमाल दाखवला. त्यावर काळे डाग होते, काजळीसारखे, बोटाला लागणारे.

"अहो, जन्मभर कोळसा खाल्लाय त्यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो कधीतरी निघणारच."

त्या आत गेल्या, तपासायची नळी कानाला लावून काकांच्या पाठीवर वाकल्या. काकू बाहेर थांबल्या. दांडीवर हात का ठेवला ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी ती हळूच आत सारली.

"मोठा श्वास घ्या, काका. मोठा. जातच नाहीये हवा."

काकूंनी दांडी बाहेर ओढली. काचेमागे जाळ उठला.

"हां, अरे वा," आतून आवाज आला. "आता छान. बघा, जमतंय की तुम्हाला."

काकूंनी ती पुन्हा आत सारली. आतला आवाज लगेच बदलला. "थांबा हं. गेला पुन्हा."

पितळेची मूठ काकूंच्या हातात गरम होती, एखाद्याचा हात धरावा तशी. त्यांनी ती सोडली आणि पदराला हात पुसला.

डॉक्टरीणबाई निघताना हळू आवाजात म्हणाल्या, "खाली जाणारा रस्ता बर्फाने बंद आहे, नाहीतर मी त्यांना मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं असतं. लेकीला कळवलंत ना?"

कळवलं होतं. लेक लांब एका बंदरावर क्रेन चालवायची. ती घर सोडून निघाली त्या दिवशी काका तिच्याकडे पाठ करून या शेगडीसमोर बसले होते. "येते बाबा," असं ती दारातून म्हणाली आणि काका निखारे ढोसत राहिले. मागे वळले नाहीत. त्यानंतर फोन आला की ते अंघोळीला जायचे. आता रोज सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न विचारायचे, "रस्ता उघडला का?"

३

अंगणातल्या लाकडांत खाली काही जुनी, कोरडी, खडखडीत लाकडं होती. काकूंनी ती आणली. आपला माणूस कण्हत असताना बायको शास्त्र बघत बसत नाही. त्यांनी शेगडी भरली आणि दांडी पूर्ण बाहेर ओढली. जाळ असा उठला की काचेवरची काजळी जळून काच स्वच्छ झाली.

काकू मशीनवर वाकल्या होत्या. मागून आवाज आला, "धाव टीप मारतेयस की बर्फ बघतेयस?"

काका उभे होते. बाहेरच्या खोलीत, कशाचाही आधार न घेता. गालांवर लाली होती. त्यांनी कडक कॉफी मागितली, शेगडी बऱ्यापैकी भरल्याबद्दल काकूंना शाबासकी दिली आणि वर एक खोडही काढली. मागचं लाकूड तिरकं होतं म्हणे. काकूंना हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी त्यांनी शिवणाच्या कापडालाच पुसलं, ते गिऱ्हाइकाचं होतं तरी.

काका शेगडीपाशी गेले, वाकून जाळ बघितला, हात शेकले, परत वळले.

तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. फळी करकरली नव्हती.

ते त्या फळीवर उभे होते. दोन्ही पायांनी. ते बाजूला झाल्यावर काकूंनी जाऊन स्वतः पाय ठेवला, तर फळीने नेहमीसारखा बोभाटा केला.

संध्याकाळी जाळ बसला आणि काकाही बसले, मग आडवे झाले. काकूंनी चादर बदलायला त्यांना कुशीवर घेतलं. कापडाचे तागे उचलण्यात काकूंचं आयुष्य गेलेलं. कुठल्या ताग्यात किती कापड उरलंय ते त्यांना हातावर घेताच कळायचं. त्यांनी काकांच्या पाठीखाली हात घातला आणि हात नको तितक्या वेगाने वर आला. ताग्याच्या आतली नुसती नळी उरावी, तसं.

मग त्या राख काढायला बसल्या. कोरडं लाकूड राख थोडी देतं. बादली मात्र काठोकाठ भरली. दोन्ही हातांनी उचलताना पाठीत कळ आली. राख पिठासारखी मऊ होती, त्यात कोळशाचा एक तुकडा नव्हता.

काकू बादली घेऊन अंगणात गेल्या, पण ती ओतवेना. त्यांनी तिच्यावर एक जुनं पोतं पांघरलं आणि ती आडोशाला ठेवली.

४

काकूंना उमगलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणाला आणि काय सांगणार? जाळ मोठा असला की माणूस चांगला होतो आणि कमी उरतो. एवढंच होतं ते. लाकूड नुसतं निमित्त होतं.

मग आग विझवायचीच, असं त्यांनी ठरवलं. दोघांच्या अंगावर असतील नसतील तेवढ्या रजया घालायच्या आणि शेगडी गार होऊ द्यायची. दुपारपर्यंत त्यांनी लाकूड घातलं नाही. निखारे काळवंडले. नळीतला आवाज बंद झाला. घर इतकं शांत झालं की काकूंना स्वतःच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. त्या आत गेल्या. काकांचे ओठ निळे होते. पाय बर्फ झाले होते. नाकासमोर धरलेल्या बोटाला काही लागेना.

काकू शेगडीसमोर गुडघ्यांवर आदळल्या. राखेत चिमटा घालून उकरत सुटल्या. तळाशी एक निखारा होता, सुपारीएवढा. त्यांनी फुंकणी लावली आणि फुंकत राहिल्या, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. राख उडाली, तोंडात गेली, घशात गेली. चव खारट होती, रोजच्या ओळखीच्या घामासारखी. काकूंनी ती गिळली. थुंकायला वेळ नव्हता. निखाऱ्याने लाल डोळा उघडला आणि आत काकांनी श्वास घेतला, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा.

त्याच संध्याकाळी फोन आला.

"आई, रस्ता उद्या उघडतोय. मी इथेच खाली थांबलेय, पहिल्या गाडीने वर येते. बाबा कसे आहेत?"

"आहेत. तू ये."

"माझ्याशी बोलतील?"

"वाट बघतायत तुझी," काकू म्हणाल्या. हे खरं होतं.

आता सगळं एका दांडीवर आलं होतं. उद्यापर्यंत. काकूंनी ती आत सारली, अगदी केसभर फट राहील इतकी. लाकूड धुमसायला लागलं. काचेवर काळी साय चढली. आतल्या खोलीत काकांचा श्वास लागला. एकेक घोट हवा ओढून घेताना मानेच्या शिरा ताठ होत होत्या.

"अगं," ते म्हणाले. "दांडी ओढ."

"नाही."

"थोडी. जीव घुसमटतोय."

"उद्या आपली बाय येतेय. तिच्यासाठी काही उरायला नको का तुमच्यातलं?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते काकूंनी विचारलं नाही. मग त्या माणसाने मान डोलावली, बॉयलरवर नव्या पोऱ्याचं काम पसंत पडल्यावर डोलवायचा तशी.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुरवून जाळ."

पण पुढे पुढे ते विसरत आणि पुन्हा विनवत. दांडी ओढ गं. पाया पडतो तुझ्या. काकू त्यांचा हात धरून बसल्या. लग्नात याच हाताची त्यांना भीती वाटली होती, एवढा मोठा होता तो. आता तो वाळक्या पानासारखा होता आणि त्यांनी तो मुठीत अलगद धरला होता. आपण माणूस वाचवतोय की छळतोय, हे कळेनासं झालं होतं.

५

दुसरा दिवस कलायला लागला तरी गाडीचा आवाज आला नव्हता. काकूंनी सगळ्याचा विचार करून ठेवला होता. लेक आली की अंगणातच तिला गाठायची, थेट आत आणायची, मग स्वतः दांडी हवी तेवढीच ओढायची, दोन शब्द बोलता येतील एवढी. विचार केला नव्हता तो फक्त घरातल्या त्या जुन्या नियमाचा. आणि जागरणाने माणूस बसल्याबसल्या पेंगतो, याचा.

काकूंना जाग आली ती फळीच्या करकरण्याने.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी शेगडीसमोर उभं होतं. लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला. लाकडं पडली. पातळ, कोरडी लाकडं टक्क वाजतात, तशी वाजली. मग दांडी सर्रकन शेवटपर्यंत ओढली गेली.

"बाय, नको," काकू म्हणाल्या. आवाज घशाच्या बाहेर आलाच नाही.

नळीने हवा ओढली. घरभर तो आवाज भरला. काकूंच्या हातातला हात तापला आणि काका उठून बसले.

"आली," ते म्हणाले.

लेक दारात उभी होती. भुवयांवर बर्फ, हातमोजे काखेत धरलेले. नियमाप्रमाणे लाकूड टाकून झालं होतं, आता जोडे काढत होती. "बाबा, बंदरावरच्या पेट्यांच्या फळ्या आणल्यात तुझ्यासाठी. पिशवीभर. खडखडीत सुक्या. तुला आवडतात ना?"

"एक नंबर," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता आणि आवाज असा खणखणीत होता की गिरणीत यंत्रांवरून ऐकू जावा. "त्या दिवशी मी वळलो नाही. डोळ्यांत धूर गेला होता. तुला दिसला असता."

"माहितेय मला."

"माहितेय तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू अंघोळीला जायचास."

काका हसले. किती वर्षांनी, असे पोटातून. "गारठलीस पार. ये. शेक घे."

आणि लेकीने हसत दोन्ही तळहात त्यांच्यासमोर धरले, आपण शेगडीसमोर धरतो तसे. तिच्या बोटांची टोकं हळूहळू गुलाबी झाली. तिच्या ते लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं.

त्या उठल्या आणि बाहेर आल्या. अजून वेळ होता. दांडी आत सारली तर आजचा दिवस निघेल, कदाचित उद्याचाही निघेल. त्यांनी पितळेची मूठ धरली. हात भाजला, तरी धरली. काच आता आरशासारखी लख्ख होती आणि आत जाळ नाचत होता. त्या जाळात लेकीने टाकलेल्या फळ्या होत्या. काकूंनी वाकून नीट पाहिलं. फळ्या कोऱ्या होत्या. कडासुद्धा तपकिरी झाल्या नव्हत्या. एकीवरचा शाईचा शिक्का वाचता येत होता. चहूबाजूंनी आग होती आणि लाकूड जळत नव्हतं.

मागे दोघं हसत होती. काका बॉयलरवरची कुठली तरी जुनी गंमत सांगत होते, लेक मधेच त्यांना दुरुस्त करत होती. या घरातून हा आवाज गेला होता, तो परत आला होता. काकूंनी मूठ धरून ठेवली. लोटली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या, तरी लोटली नाही.

थोड्या वेळाने काहीतरी ढासळल्याचा मऊ आवाज झाला. पेटीत निखारे बसतात तसा. पण काकू पेटीसमोरच होत्या आणि तो आवाज तिथून आला नव्हता.

"बाबा?" आत लेक म्हणाली.

६

सगळे येऊन गेले. चौघांनी उचललं तेव्हा त्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण अशा वेळी कोण काय बोलणार.

घर गार पडलं होतं. काकूंनी शेगडी पेटवू दिली नाही. त्या शाल गुंडाळून मशीनसमोर बसायच्या आणि मशीन चालवायच्या नाहीत. श्वास अर्धाच आत जायचा. मधे अडायचा, कोरडा खोकला यायचा. रुमाल त्या मुठीत चुरगाळून लपवायच्या.

"सर्दी भरलीय तुला," लेक म्हणाली. "आज मी ऐकणार नाहीये."

"नको म्हटलं ना."

"बाबा असता तर ओरडला असता. विझलेली शेगडी म्हणजे..." ती वाकली आणि तिने दार उघडलं. "अगं, या फळ्या तशाच आहेत की. त्या दिवशी पेटल्याच नाहीत? मग एवढा जाळ कशाचा होता?"

लेकीने काडी ओढली, दांडी बाहेर ओढली आणि पाठ करून बसली, हुबेहूब बापासारखी. नळीत बारीक आवाज सुरू झाला.

काकूंच्या छातीत काहीतरी धरलं. ऊब बरगड्यांतून वर आली आणि एक श्वास आत गेला, पूर्ण, पोटापर्यंत. इतका बरा वाटला की त्यांना त्याची लाज वाटली. हातपाय हलके झाले. त्या उठल्या.

"बघ, खोकला गेला लगेच," लेक न वळता म्हणाली. "उगाच हट्ट करतेस."

काकू चालत शेगडीपाशी आल्या. लेकीच्या मागे त्या फळीवर उभ्या राहिल्या. दोन्ही पायांनी. आवाज झाला नाही. त्यांनी टाच जोरात दाबून पाहिली.

"किती दिवस आहेस गं तू?"

"अय्या, कधी आलीस मागे? कळलंच नाही," लेक दचकून वळली. मग आईचा चेहरा बघून तिने तिचा हात हातात घेतला. "आहे की. तू म्हणशील तितके दिवस."

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं तर ही पोर आयुष्यात कुठलीच आग पेटवणार नाही, आणि विझू दिली तर काय होतं ते काकूंनी पाहिलं होतं.

"मग ती दांडी जरा आत सार," त्या म्हणाल्या. "अजून थोडी. हां. अशीच पुरवून जाळ, बाय."